उजव्या हाताची नाडी

सर, परवा चौसाळ्यावरून गेले आणि थांबले नाही. सोलापूरला तरुण डॉक्टरांसमोर बोलायचं होतं. विषय त्यांनीच ठरवलेला होता, मनगटातून अँजिओग्राफी करायला कसं शिकावं. तुमच्या शेताकडं वळणारा फाटा आला तशी ड्रायव्हरनं सवयीनं गाडी हळू केली आणि आरशातून माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "चल, उशीर होतोय." उशीर होत नव्हता. सोलापुरात पडद्यावर चित्रं दाखवत मी तासभर बोलले. सुई किती तिरकी धरायची, तार कशी सरकवायची, नळी अडकली तर काय करायचं, सगळं बरोबर आणि क्रमानं सांगितलं. शेवटी एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तुम्ही कुणाकडं शिकलात?" मी तुमचं नाव सांगितलं. तिनं आदरानं मान हलवली, पण नाव तिच्या ओळखीचं नव्हतं हे दिसत होतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आता. परत येताना अंधारून आलं होतं आणि मला सारखं वाटत होतं की त्या मुलीला जे सांगायला हवं होतं, त्यातलं मी काहीच सांगितलं नाही. ते सांगण्यासारखी दुसरी माणसं माझ्याजवळ नाहीत, म्हणून तुम्हालाच लिहिते.

तुम्ही मला पहिल्यांदा रागावलात ते माझ्या हातावरून नाही, बोलण्यावरून. मी शहरातल्या त्या मोठ्या रुग्णालयात हृदयरोगाचं शिक्षण घ्यायला आले होते, नवीन होते आणि जपून बोलत होते. वॉर्डात एका म्हाताऱ्याला मी विचारत होते, "आजोबा, छातीमध्ये वेदना जाणवते आहे का?" तो नुसता बघत राहिला. तुम्ही मागून आलात. "गाव कोणतं तुझं?" मी म्हटलं, "पाटोदा." तुम्ही एकदम थांबलात. "पाटोद्याची हायेस? आन् मग ही पुण्यावानी भाषा कुणासाठी बोलायलीस? त्याला कळंना, तुला येईना." मग पलंगाच्या कडेला बसून तुम्ही त्या म्हाताऱ्याचा हात हातात घेतलात. "काका, छातीत कळ येती का? चालल्यावर दम लागतो का?" म्हातारा जो बोलायला लागला तो थांबेना. मला सगळ्यांसमोर लाज वाटली आणि राग आला. तुम्ही चौसाळ्याचे आहात हे मला त्या दिवशी संध्याकाळी एका सिस्टरकडून कळलं.

त्या काळी तुम्ही सगळं पायातून करायचात. जांघेतल्या मोठ्या रक्तवाहिनीतून नळी घालून वर हृदयापर्यंत जायचं, आणि त्यात तुमचा हात धरणारा माणूस आसपासच्या जिल्ह्यांत नव्हता. मी काचेपलीकडून बघायचे. तुम्ही पेशंटशी त्याच्या गावचं बोलत असायचात आणि बोलणं संपायच्या आत नळी हृदयाशी पोचलेली असायची. तुमच्या चेहऱ्यावर कधी घाम बघितला नव्हता. म्हणून तो बीडकडचा मोठा शेतकरी आला तेव्हा कुणालाच काळजी वाटली नाही. गावात मान असलेला, निवडणुका लढवलेला माणूस होता. बाहेर व्हरांड्यात त्याची पांढऱ्या कपड्यांतली माणसं गर्दी करून उभी होती. तुम्ही त्याची बंद पडलेली रक्तवाहिनी उघडलीत, स्टेंट बसवलात, पडद्यावर रक्त झुळझुळ वाहताना दिसलं. मग नेहमीसारखं पाय सरळ ठेवून, जांघेवर वाळूची पिशवी ठेवून त्याला उताणं झोपवलं. माणूस पडून राहणारा नव्हता. कुणाचं लक्ष नसताना तो उठून संडासला जाऊन आला.

दुपारी राउंडला तो म्हणाला, "डॉक्टर, कंबर लई दुखायली." तुम्ही हसलात. "उताणं पडून दुखतीच. संध्याकाळपस्तोर कळ काढा." मी तुमच्या शेजारी उभी होते. मलाही तेच वाटलं होतं. तासाभरात त्याचे ओठ पांढरे पडले. रक्त बाहेर एक थेंबभरही दिसलं नाही, ते जांघेत टोचलेल्या जागेतून आतल्या आत, पोटाच्या मागं साठत गेलं होतं. बाटल्यांवर बाटल्या चढवल्या, सर्जनना बोलावलं, सगळं केलं. सूर्य मावळायच्या आत तो गेला. व्हरांड्यात त्याची बायको तुमच्यासमोर आली. रडत नव्हती. "काळीज नीट झालं म्हणलं होतं की तुमी." तुम्ही म्हणालात, "झालं होतं, बाई." ती म्हणाली, "मग माणूस गेला कशानं?" ती बाई उत्तराची वाट बघत तशीच उभी राहिली, शेवटी त्या पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांनीच तिला धरून नेलं.

त्यानंतर काही दिवस तुम्ही कामापुरतं बोललात. मग एक दिवस जाहीर केलंत की तुम्ही रजा घेऊन दुसऱ्या शहरात मनगटातून करायला शिकायला जाताय, तिथून रक्त गेलं तर निदान डोळ्यांना दिसतं म्हणून. पन्नाशी उलटलेला विभागप्रमुख, आपल्यापेक्षा कितीतरी लहान डॉक्टरच्या मागं उभा राहून शिकणार, हे कुणाला खरं वाटेना. तुमच्या बरोबरीचे एक डॉक्टर चहाच्या खोलीत म्हणाले, "साहेबांनी म्हातारपणी लोकांचे हात धरायला घेतलेत." सगळे हसले. मीही हसले असेन. तुम्ही परत आलात तेव्हा मी विचारलं, "सर, कसं होतं तिथं?" तुम्ही म्हणालात, "आठवडाभर मला सुईला हात लावू दिला न्हाई. नुसतं उभं केलं. लई दिवसांनी कुणीतरी मला गप उभं केलं बघ." आणि तुमच्या बोलण्यात तक्रार नव्हती.

मग ते महिने आले, सर, जे मी सोलापुरातल्या मुलांना सांगायला हवे होते. जांघेतली रक्तवाहिनी बोटाएवढी जाड असते, मनगटातली पेन्सिलीतल्या शिशाहून जरा जाड. ती घाबरते. सुई टोचली, तार आत घासली की आकसून तारेला घट्ट धरून ठेवते, आणि पेशंट ओरडायला लागतो. बोलता बोलता हृदयापर्यंत पोचणारा तुमचा हात मनगटातच अडकायला लागला. तुमच्या कपाळावर घाम, सिस्टर पुसतायत, पेशंट म्हणतोय "सोडा साहेब, सोडा", आणि काचेपलीकडं आम्ही सगळे खाली बघतोय. शेवटी तुम्ही हळू आवाजात म्हणायचात, "पाय घ्या." पायातून गेलात की पाच मिनिटांत काम व्हायचं. म्हणजे जे येत होतं ते टाकून तुम्ही जे येत नव्हतं ते करत होता, आणि तेही रोज, आपल्याच शिष्यांसमोर. तेव्हा आम्हाला तो हट्ट वाटायचा. आता वाटतं, टेबलापाशी वाकलेले असताना तुम्हाला ती व्हरांड्यातली बाई समोर दिसत असणार.

तुम्ही निवडून पेशंट घ्यायला लागलात. आधी धिप्पाड पुरुष, ज्यांची नाडी बोटाला टकटक लागते असे. बायका नंतर, म्हातारी माणसं नंतर, आणि ज्याला ॲटॅक चालू आहे, ज्याच्यापाशी वेळच नाही, तो सगळ्यात शेवटी. चहाच्या खोलीत जो दिसेल त्याचा हात तुम्ही ओढून घ्यायचात, शिपाई असो की कँटीनवाला. माझी बोटं धरून त्यांच्या मनगटावर टेकवायचात. "टोक लावू नको, टोकात तुला तुझीच नाडी लागंल. बोटाची गादी टेकव. आता दाब. आता सोड. कुठून कुठं चालली ती?" मी सांगायचे. "चूक. परत बघ." माझी उंची कमी, टेबल उंच, मी टाचा उचलून सुई धरायचे. एके दिवशी तुम्ही सुताराकडून लाकडी पाट करून आणलात आणि माझ्या पायापाशी सरकवलात. "आधी नीट उभी ऱ्हा. लटपटत्या पायानं हात स्थिर ऱ्हात न्हाई." एवढंच बोललात. आईवडिलांशिवाय दुसऱ्या कुणी माझ्या मापाची वस्तू करून आणल्याचं मला आठवत नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या त्या मावशी तुम्हाला आठवतात का? हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या होत्या, त्या काढायच्या म्हटल्यावर त्या उठूनच बसल्या. "मालक जित्ता हाय माझा. बांगड्या न्हाई काढायची." सिस्टर समजावून थकल्या. तुम्ही बांगड्या एकेक करून कोपराकडं सरकवल्यात आणि वरून पट्टी गुंडाळलीत. "ऱ्हाऊ द्या मावशी. सगळ्या हायेत बघा, एकबी कमी न्हाई." आणि मग सुई माझ्या हातात दिलीत. बारीक मनगट, कोयत्यानं टणक झालेला हात. आत गेले, आणि नळी अर्ध्यावर पोचली तशी नाडीनं तिला आवळून धरलं. पुढंही जाईना, मागंही येईना. मावशी किंचाळल्या, "हात तोडून घ्या पर वढू नगा!" मी ओढणारच होते. तुम्ही माझ्या हातावर हात ठेवलात. "सोड. नुसती धरून ऱ्हा." औषध द्यायला सांगितलंत, तिच्या हातावर गरम कापड ठेवायला सांगितलंत आणि स्टूल ओढून तिच्या उशाशी बसलात.

"मावशी, औंदा कोणत्या कारखान्याला गेलतात?"

"कर्नाटकात गेलतो."

"सोबत कोण हुतं?"

"मालक, आन् धाकटी जाऊ. लेकरं म्हातारीपाशी ठिवली."

"ती म्हातारी जेवू घालती का नीट लेकरांना?"

"घालती की. लई मायाळू हाय. माझी सासू हाय पर आईवानी हाय."

तुम्ही असेच बोलत राहिलात. घाईचा एक शब्द नाही. मी नळी धरून उभी, आणि मला माझ्या बोटांत कळलं, सर, की ती पकड सैल व्हायला लागलीये. आधी जराशी, मग एकदम. कुणी आतून मूठ उघडावी तसं. तुम्ही माझ्याकडं न बघताच म्हणालात, "आता जा." मी पोचले. ती मावशी संध्याकाळी आपल्या पायांनी चालत वॉर्डात हिंडत होती. त्या दिवशी मला पाटोद्याची भाषा तुम्ही का बोलायला लावली होतीत ते कळलं.

मग तो श्रावणातला सोमवार. तुम्ही जिन्यात बसलेले दिसलात, एका पायरीवर, कठड्याला धरून, कपाळावर तोच घाम. मी म्हटलं, "सर?" तुम्ही म्हणालात, "काय न्हाई, जरा कळ आली." कार्डिओग्राममध्ये बदल दिसत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी अँजिओग्राफी ठरली. तुमच्या बरोबरीचे ते डॉक्टर हात धुऊन तयार होते. तुम्ही टेबलावर पडलात, उजवा हात बाजूला पसरलात आणि म्हणालात, "ही करंल." मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "सर, माझा हात अजून तेवढा..." "मग कुणावर शिकणार हायेस? ज्याला काय कळत न्हाई अशा गरिबावर?" ते डॉक्टर वैतागून म्हणाले, "अहो, ही काय शिकवायची वेळ आहे?" तुम्ही डोळे मिटलेत. "तिला करू द्या. तुमी उभे ऱ्हा तिच्यामागं."

पहिल्यांदा सुई चुकली. दुसऱ्यांदा रक्त आलं, तार सरकली, आणि कोपरापाशी अडली. पडद्यावर बघितलं तर तुमच्या नाडीला तिथं वेटोळं होतं, एखाद्या नदीनं उगीच वळण घ्यावं तसं. जोरानं ढकललं तर फाटणार. मागून आवाज आला, "पायातून घे, उगाच वेळ जातोय." पायातून हा शब्द ऐकल्याबरोबर माझ्या डोळ्यांसमोर ते पांढरे पडलेले ओठ आले. मी तार बोटांत आवळून धरली आणि ते तुम्हाला मनगटातून कळलं असणार. तुम्ही डोळे न उघडता विचारलंत, "गाव कोणतं तुझं?"

मी म्हटलं, "पाटोदा, सर."

"बाजार कधी असतो तिथं?"

मी सांगितलं.

"भज्याचं दुकान हाय का स्टँडवर अजून?"

"हाय की सर. लई गर्दी असती."

मास्कच्या आत मी रडत होते, पण बोटं सैल झाली होती. मऊ टोकाची बारीक तार घेतली, बोटांत हळू फिरवत राहिले, आणि ते वेटोळं तिनं आपण होऊन पार केलं. हृदयाची एक रक्तवाहिनी नव्वद टक्के बंद होती. उघडली, स्टेंट बसवला. मागं उभे असलेले डॉक्टर माझ्या खांद्यावर एकदा थोपटून गेले. शेवटी तुमच्या मनगटावर मी तो हवेचा पट्टा बांधला, जिथून आत गेलो तिथलं रक्त थांबावं म्हणून. घट्ट बांधला. सांगितल्या वेळेला सैल करायला गेले, जरासं रक्त दिसलं, परत घट्ट केला. दिवसभर मी तुमच्या पलंगापाशी घुटमळत होते आणि प्रत्येक वेळी विचारत होते, "सर, कंबर दुखत नाही ना?" मनगटाचा आणि कमरेचा काही संबंध नसतो हे मला माहीत होतं. तुम्ही एकदाही हसला नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुमच्या उजव्या मनगटावर बोटं ठेवली. नाडी नव्हती. गादी टेकवली, दाबलं, सोडलं, वर सरकवली, खाली सरकवली. हात उबदार होता, बोटं गुलाबी होती, करंगळीकडची दुसरी नाडी सगळा हात पोसत होती. पण माझ्या बोटांखाली दोर संपल्यासारखं काहीच नव्हतं. तुम्ही माझ्या तोंडाकडं बघत होता. "गेली?" "गेली, सर." पट्टा जास्त वेळ घट्ट राहिला होता आणि आतलं रक्त गोठून वाट बंद झाली होती. आम्ही औषधं दिली, रक्त इकडं वळावं म्हणून दुसरी नाडी दाबून बघितली, पण गेलेली नाडी परत आली नाही. तुम्ही म्हणालात, "जेवायला, लिहायला काय अडत न्हाई. पर आता ध्यानात ठेव. आत जाणं ही निम्मीच गोष्ट हाय. रक्त थांबलंबी पायजे आन् वाहत बी ऱ्हायला पायजे. दुसऱ्या दिवशी सकाळी नाडी लागली तर म्हणायचं, जमलं." मी विचारलं, "सर, पट्टा घट्ट झालाय हे तुम्हाला कळलं नव्हतं?" "कळलं हुतं. पर सैल कर म्हणायला जीभ उचलंना. मला सारखा तोच माणूस दिसायला लागला. वाटलं, ऱ्हाऊ दे घट्ट." म्हणजे त्या दिवशी पलंगाच्या एका बाजूला तुम्ही आणि दुसऱ्या बाजूला मी, आणि मधे तो पांढरे ओठ घेऊन उभा होता, आणि आपण दोघं एकमेकांना ते सांगत नव्हतो.

त्यानंतर तुम्ही त्या हाताचा खेळ करून टाकलात. नवीन मुलं आली की उजवा हात पुढं करायचात. "नाडी बघ बरं माझी." मुलगा बघायचा, परत बघायचा, पांढरा पडायचा. "काय बे, मेलो का मी?" सगळे हसायचे. चौसाळ्यात एका लग्नात नाडी बघणाऱ्या कुणा जुन्या जाणत्यानं प्रेमानं तुमचा हात हातात घेतला आणि गप होऊन पंगतीतून उठून गेला, हे तुम्ही किती रंगवून सांगायचात. मला कधीच हसू आलं नाही, सर. तुम्ही हात पुढं केलात की मी दुसरीकडं बघायचे. पण हेही खरं की त्यानंतर माझ्या हाताखालच्या प्रत्येक पेशंटचं मनगट मी दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः बघत आले. पट्टा कधी सैल करायचा हे मला कुठल्या पुस्तकानं नाही शिकवलं. हाताचं कसब म्हणतात ते मला असंच आलं, तुमची एक नाडी घेऊन.

तुम्ही निवृत्त होऊन शेतावर राहायला गेलात आणि मी बीडला आले. इथं कॅथलॅब, म्हणजे अँजिओग्राफीची खोली, सुरू झाली तेव्हा तुम्ही आलात, फीत कापायला नकार दिलात आणि काचेपलीकडं खुर्ची घेऊन बसलात. मग अधूनमधून येत राहिलात. काकू तुम्हाला घेऊन कपिलधारला दर्शनाला निघाल्या की त्यांना तिथं सोडून तुम्ही पुढं बीडला माझ्याकडं यायचात. बसून नुसते बघायचात. माझं काही चुकलं तर काचेवर बोटानं टकटक करायचात, बाकी काही नाही. कधीकधी आजही ती टकटक ऐकू येते आणि मी वळून बघते. तिथं तंत्रज्ञ बसलेला असतो, तो विचारतो, "काय पाहिजे, मॅडम?"

त्या सकाळी काकूंचा फोन आला. "बाई, हे उठंनात. तुमी या." मी गाडी काढली. हायवेवर उसाचे ट्रॅक्टर होते, त्यांच्या मागं मागं जावं लागलं. घरात शिरले तेव्हा शेजारची माणसं अंगणात उभी होती, त्यांनी मला वाट दिली. तुम्ही पलंगावर उजव्या कुशीकडं जरासे कललेले, झोपेत कलावं तसे. डावा हात चादरीखाली होता. मी खाली बसले आणि सवयीनं हाताला लागला तो उजवा हात धरला. बोटाची गादी टेकवली. तिथं काही नव्हतं. तिथं कितीतरी वर्षं काही नव्हतं. पण अंगणातली सगळी माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती, आणि माझ्या बोटांना ती दवाखान्यातली सकाळ आठवली, जेव्हा नाडी गेली होती आणि तुम्ही डोळे उघडे ठेवून माझ्याकडं बघत होता. मी वर बघितलं. तुमचे डोळे मिटलेले होते. अंग गार होतं, जबडा ताठला होता. छातीवर स्टेथोस्कोप ठेवला, डोळ्यांत बॅटरी मारली. शंका घ्यायला जागा नव्हती, तुम्ही पहाटेच कधीतरी गेला होता. काकू पायथ्याशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "बाई, तिकडची न्हाई लागत त्येंची. डाव्या हाताची बघा की." त्यांच्या आवाजात अजून आशा होती. मी म्हटलं, "बघितली, काकू." तेव्हा त्या खाली बसल्या.

सर, काही पेशंटची उजवी नाडी आधीच्या कामात गेलेली असते, काहींची फार बारीक असते. त्यांच्या डाव्या मनगटातून जावं लागतं. आपण टेबलावर ओणवं होऊन पेशंटचा पलीकडचा हात त्याच्या पोटावर घ्यायचा, ते मुळात अवघडच. असा पेशंट आला की मी बाजूला होते आणि माझ्याकडं शिकणाऱ्या डॉक्टरला म्हणते, "तू कर. मी मागं उभी आहे." त्याचा हात डावीकडून इतका तयार झालाय की आता आसपासच्या गावांतून तसे पेशंट त्याचं नाव घेऊन येतात. मॅडम किती मोकळ्या मनानं शिकवतात, असं तो सगळीकडं सांगतो. सोलापुरात माझी ओळख करून देतानाही कुणीतरी तेच म्हणालं. मी नमस्कार केला.

हे पत्र पाठवायचं तर पत्ता एकच आहे, चौसाळ्याचा, आणि तिथं ते काकूच उघडणार. तुमच्या वेळचा चष्मा लावून त्या अजून सगळं स्वतः वाचतात. म्हणून हे माझ्याजवळच राहणार. मी त्या सकाळी चादर उचललीच नव्हती, सर. तुमच्या डाव्या हाताला मी हात लावला नाही.